कराचीची जाहिरात, आपल्या गावची अफवा

कराचीतल्या एका गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत. उंचावर लावलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यातून दिसावं तसं धुरकट चित्र. मोटारसायकलवरून दोघं येतात, मुलांजवळ थांबतात, एका लहानग्याला उचलतात आणि भरधाव निघून जातात. बाकीची मुलं ओरडत मागे धावतात. थोड्याच वेळात तीच मोटारसायकल परत येते, मुलाला खाली उतरवते, आणि त्या दोघांपैकी एक जण कॅमेऱ्यासमोर फलक उलगडून धरतो. त्यावरच्या मजकुराचा आशय असा, की कराचीत दर वर्षी तीन हजारांहून जास्त मुलं हरवतात, तेव्हा आपल्या मुलांवर लक्ष ठेवा. रोशनी हेल्पलाइन या, हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या कराचीतल्या संस्थेसाठी २०१६ साली केलेली ही जनजागृतीची चित्रफीत आहे.

२०१८च्या उन्हाळ्यात हीच चित्रफीत भारतात लाखो फोनवर पोहोचली, पण मोटारसायकल परत येण्याआधीच ती संपत होती. ते शेवटचे काही सेकंद गेल्यामुळे जे उरलं, त्याने त्या वर्षी माणसं मारली. असं कसं घडलं, हे टप्प्याटप्प्याने पाहण्यासारखं आहे, कारण त्यातला एकही टप्पा आज बंद पडलेला नाही.

आधी त्या चित्रफितीची रचना पाहू. ती मुद्दाम बघणाऱ्याला फसवते. सुरुवातीला आपण खरं अपहरण पाहतो आहोत असं वाटावं, पोटात गोळा यावा, आणि मग फलकाने सुटका करावी, असा तिचा बेत. म्हणजे ही जाहिरात आहे, ती कराचीची आहे, मूल सुखरूप आहे, ही सगळी माहिती एकट्या शेवटात साठवलेली. एरवी चित्रफितीत खुणा विखुरलेल्या असतात, कुठे वाहिनीचं बोधचिन्ह, कुठे निवेदकाचा आवाज. इथे शेवट कापला की एकही खूण शिल्लक राहत नाही. तो कापायला कसबही लागत नाही, कुठल्याही साध्या फोनवर बोटाने होणारं ते काम आहे. शिवाय व्हॉट्सॲपवर तेव्हा १६ एमबीपेक्षा मोठा व्हिडिओ जात नसे. छोटा तुकडा लवकर उतरतो, डेटा कमी खातो, फोनमध्ये जागा कमी घेतो. पूर्ण गोष्टीपेक्षा तुकड्याचा प्रवास सोपा व्हावा अशीच ती व्यवस्था होती.

दुसरी गोष्ट चित्रातच होती. गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं, दुचाकीवर दोन माणसं, रस्त्याची डावी बाजू धरून चालणारी वाहनं. यातलं काय परकं वाटणार? तेच दृश्य ब्राझीलमधलं असतं तर घरं, रस्ते, खेळ पाहून कुणीतरी थबकलं असतं. कराचीची ती गल्ली मात्र नांदेडची, बेंगळुरूची, सुरतेची, कुठलीही असू शकत होती. ज्याच्या हाती ती पडली त्याला ती आपल्याच शहराच्या पलीकडच्या टोकाची वाटली.

तिसरा टप्पा मजकुराचा. व्हिडिओसोबत दोन-चार ओळी येतात, किंवा कुणाचा तरी आवाज. मुलं पळवणारी टोळी आपल्या जिल्ह्यात उतरली आहे, अमुक तालुक्यात मुलं गायब झाली आहेत, अनोळखी माणूस दिसला तर सावध राहा. तमिळ, तेलुगू, कन्नड, गुजराती, हिंदी, मराठी, प्रत्येक भाषेत हा मजकूर नव्याने लिहिला गेला आणि दर वेळी त्यात गावाचं नाव बदललं. मला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संदर्भ नुसता हरवत नाही. त्याची जागा रिकामी होते, आणि तिथे ज्याचा त्याने आपला जिल्हा, आपली शाळा, आपलं मूल भरायचं असतं. म्हणूनच असा तुकडा मूळ चित्रफितीपेक्षा जास्त खरा वाटतो. तो आपल्याबद्दल बोलतो.

मग त्याला सोबती मिळतात. सिरियातल्या घौता इथे ऑगस्ट २०१३ मध्ये रासायनिक हल्ला झाला. त्यात गेलेल्या मुलांच्या, ओळीने ठेवलेल्या मृतदेहांची दृश्यंही याच काळात आपल्याकडे फिरत होती. पळवलेल्या मुलांचे अवयव काढून घेतले जातात, असा त्यांवरचा मजकूर. एका व्हिडिओत मूल उचललं जाताना दिसतं, दुसऱ्यात मृतदेह दिसतात, आणि मधली कथा बघणाऱ्याचं मन स्वतःच जोडून टाकतं. पाच वर्षांचं आणि हजारो किलोमीटरचं अंतर एका खिडकीत, एकाखाली एक येऊन बसलं की नाहीसं होतं.

शेवटी पाठवणारा. व्हॉट्सॲपवर निरोप परक्याकडून येत नाही. मामा पाठवतो, शाळेच्या गटातली दुसरी आई पाठवते, भजनी मंडळातले काका पाठवतात. व्हिडिओ कधी, कुठे, कशाने टिपला ही फाइलसोबतची माहिती वाटेत गळून गेलेली असते, पण मामाचं नाव वर ठळक दिसतं. एरवी आपण बातमीचा विश्वास तिच्या उगमावरून ठरवतो. इथे तो शेवटच्या हातावरून ठरतो. आणि त्या हाताचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो, मुलांना जपा एवढंच त्याला सांगायचं असतं. ही अफवा पसरवणाऱ्या बहुसंख्य लोकांना मी दुष्ट म्हणणार नाही. ते घाबरलेले पालक होते.

यातलं मानसशास्त्र फोनपेक्षा बरंच जुनं आहे. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतरच्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद यांनी केला आणि पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला. धक्के जाणवले पण नुकसान झालं नाही अशा भागातही, याहून भयंकर संकट येणार, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, अशा अफवा पसरल्या होत्या. लोक भ्यायलेले होते आणि आजूबाजूला त्या भीतीएवढं मोठं काही दिसत नव्हतं. ती भीती योग्य ठरवणारी बातमी त्यांना हवी होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली मांडलेल्या प्रसिद्ध सिद्धांतामागे हा बिहारचा अभ्यास होता, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ साली अफवांवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या प्रयोगात एक जण चित्र पाहून दुसऱ्याला वर्णन सांगायचा, दुसरा तिसऱ्याला, अशी साखळी असे. पाच-सहा तोंडांतून जाईपर्यंत सुमारे ७० टक्के तपशील गळत. उरलेले थोडे तपशील धारदार होत आणि ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहाकडे झुकत. एका चित्रात गोऱ्या माणसाच्या हातात वस्तरा होता. तो सांगता सांगता अनेकदा काळ्या माणसाच्या हातात गेला. आता व्हिडिओ तर तोंडातोंडी बदलत नाही, तो जसाच्या तसा पुढे जातो, असं वाटेल. पण सोबतचा मजकूर बदलतो, लांबी बदलते, आणि तो तसाच दिसतो म्हणूनच ‘डोळ्यांनी पाहिलं’ असं माणूस खात्रीने सांगू शकतो. वस्तरा कुणाच्या हातात द्यायचा हे इथेही पूर्वग्रहच ठरवतो.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडे बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून आलेली, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली माणसं तिथे होती. गावोगाव फिरून भिक्षा मागणं ही या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका. जिल्ह्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचे निरोप काही दिवसांपासून फिरत होते. या डवरी गोसाव्यांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि जमावाला संशय आला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाच जणांना ठार मारण्यात आलं. त्याच दिवशी मालेगावातही जमावाने पाच जणांना घेरलं होतं, त्यांच्यात लहान मूलही होतं. तिथे पोलिसांनी त्यांना वाचवलं आणि स्वतः जमावाचा रोष झेलला. राईनपाड्याच्या खटल्यात धुळ्याच्या न्यायालयाने २०२४ साली सात जणांना जन्मठेप दिली.

राईनपाड्यात फक्त व्हिडिओचा संदर्भ हरवला नव्हता. डवरी गोसावी कोण, ते कुठून येतात, कसे राहतात, हे जाणणारं कुणी त्या गर्दीत नव्हतं किंवा त्याचं कुणी ऐकलं नाही. भटक्या समाजाची ओळख जपणारी जी स्मृती जुन्या गावगाड्यात होती, ती आधीच पुसट झाली होती. अनोळखी माणूस म्हणजे कोण, हा प्रश्न मोकळा होता आणि त्याचं उत्तर फोनमध्ये तयार होतं.

पुढच्याच पंधरवड्यात बीदर जिल्ह्यात जे घडलं त्यात जुना व्हिडिओसुद्धा लागला नाही. १३ जुलैला हैदराबादहून आलेल्या काही तरुणांनी वाटेत थांबून शाळेच्या मुलांना चॉकलेटं दिली. गावकऱ्यांना संशय आला, वाद झाला, तरुण गाडीत बसून निघाले. कुणीतरी त्या प्रसंगाचं चित्रण करून गटावर टाकलं होतं. गाडी मुरकी गावाजवळ पोहोचण्याआधी ते दृश्य तिथे पोहोचलं, लोकांनी रस्ता अडवला, आणि एक तरुण अभियंता मारला गेला. चॉकलेट देणं आणि गाडीत बसून पळणं, दोन्ही खरं होतं. या दोन गोष्टींच्या मधला वाद, घाबरणं, जीव वाचवण्यासाठी निघणं, तेवढं त्या तुकड्यात नव्हतं.

खरी माहिती मागाहून का होईना पोहोचते, मग ती उपयोगी का पडत नाही? अमेरिकेतल्या एमआयटीच्या सोरूश वोसूघी, देब रॉय आणि सिनान अराल यांनी २०१८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ या काळातल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग त्यांनी काढला. खोटी बातमी खरीपेक्षा पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्के जास्त निघाली, आणि हे यंत्रांमुळे नव्हे तर माणसांमुळे. खोटी बातमी नवी वाटते, आश्चर्य आणि किळस जागवते. उलट खुलाशाला सगळा संदर्भ सोबत न्यावा लागतो. ही कराचीची जाहिरात, अमुक साली केलेली, शेवट असा होता, हे सांगायला परिच्छेद लागतो, आणि ऐकून पुढे कुणाला पाठवावंसं वाटत नाही. त्रिपुरात तर सरकारने अफवा खोडण्यासाठी ध्वनिक्षेपक देऊन गावोगाव पाठवलेला माणूसच २८ जूनला जमावाने मारला. गावात तोही अनोळखीच होता.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने काही बदल केले. जुलै २०१८ मध्ये पुढे पाठवलेल्या निरोपावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली. जानेवारी २०१९ पासून ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं. वेग यामुळे कमी होतो आणि हे बदल मला आवश्यक वाटतात. पण व्हिडिओ फोनमध्ये जतन करून गॅलरीतून पाठवला, की खूण जाते आणि जुनी फीत पुन्हा ताजी होऊन निघते. इशाऱ्याची खूणसुद्धा संदर्भच आहे, आणि तीही त्याच वाटेने हरवते.

असा तुकडा हाती आला तर उलट चालत जाता येतं. तपासणी करणारे पत्रकार हेच करतात. व्हिडिओ थांबवून एखादं स्पष्ट चित्र घ्यायचं, त्याचा स्क्रीनशॉट गूगलच्या चित्रशोधात टाकायचा. जुना व्हिडिओ असेल तर बहुधा आधीच्या तारखा दिसतात. दुकानांच्या पाट्यांची लिपी, वाहनांच्या नंबरप्लेट, शाळेचे गणवेश बघायचे. व्हिडिओ अचानक तुटतो का, हे मी सर्वांत आधी पाहते. घटना रंगात आली असताना कॅमेरा बंद होत नाही, कुणीतरी तो बंद केलेला असतो. मजकुरात गाव असेल, पण पोलीस ठाणं, तारीख, तक्रारीचा उल्लेख नसेल, तर त्या ठाण्यात फोन करून विचारता येतं. मूल पळवल्याची तक्रार असेल तर ती तिथे नोंदलेली असते.

आणि मामांना काय सांगायचं? गटात सगळ्यांसमोर ‘हे खोटं आहे’ असं लिहिलं तर ते स्वतःचा बचाव करतील, कारण त्यांनी काळजीपोटी पाठवलं होतं. त्यांना वेगळा फोन करावा. ‘मामा, याचा पुढचा भाग मला सापडलाय, बघा,’ म्हणून पूर्ण व्हिडिओ पाठवावा, आणि गटात तो त्यांनाच टाकू द्यावा. त्यांच्या नावाने आलेला खुलासा त्या गटात जेवढा वाचला जातो तेवढा आपला वाचला जात नाही.