सहा जण आणि एक त्रिकूट

गणित ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांच्या गटात एक जुना प्रश्न हमखास येतो. कोणतेही सहा जण घ्या. त्यांत तिघं एकमेकांच्या ओळखीचे किंवा तिघं एकमेकांना अनोळखी असतातच. सिद्ध करा.

परवा एका घरी नववीची चार मुलं यावर बसली होती. एकीने सगळ्या शक्यता मांडायला घेतल्या. जोड्या १५, म्हणजे शक्यता ३२,७६८!

मग दुसरा म्हणाला, एकालाच धरू. उरलेल्या पाचांपैकी किमान तिघं त्याच्या ओळखीचे, नाहीतर किमान तिघं अनोळखी. ओळखीचे असतील, तर त्या तिघांतली एखादी जोडी ओळखीची निघताच त्रिकूट तयार. एकही जोडी निघाली नाही, तर ते तिघंच परस्पर अनोळखी! दुसऱ्या बाजूनेही हेच.

“पाचच जण असले तर?” तिसरीने विचारलं. फार मोलाचा प्रश्न. पाच जण गोल बसवा, ओळख फक्त शेजाऱ्यांची ठेवा, विधान कोसळतं.

भारतात ऑलिंपियाडच्या निवडीत असा युक्तिवाद लिहिता येणं पुढे लागतं. पहिल्या टप्प्यावर, आयओक्यूएम या परीक्षेत, तीन तासांत ३० प्रश्न असतात आणि नुसतं उत्तर पुरतं. त्यानंतरच्या आरएमओ आणि आयएनएमओ या टप्प्यांवर मात्र सिद्धता लिहावी लागते. तिथे मित्राने वही वाचून “हे कुठून आलं?” असं विचारणं फार कामी येतं.