लहान केलेलें छायाचित्र

आजीच्या लग्नांतील छायाचित्राची संगणकावर घेतलेली प्रत ४००० बाय ३००० ठिपक्यांची होती. घरांतील सर्वांस पाठविण्याकरितां आम्हीं पायथन भाषेंत चार ओळींची आज्ञावली लिहून ती ८०० बाय ६०० केली. आणि पाहतों तों शालूच्या कांठावरील बारीक रेघा जागोजाग तुटलेल्या!

दोष आमचाच. येथें दर २५ ठिपक्यांच्या जागीं एकच उरतो. आम्हीं योजिलेल्या 'निअरेस्ट' रीतीनें त्यांतील एक उचलला व २४ टाकून दिले. रेघ त्या २४ त असली तर ती गेलीच. हंगेरियन गणिती कॉर्नेलियस लान्त्सोश (१८९३–१९७४) यांच्या नांवाची रीत आसपासच्या सर्व ठिपक्यांचा हिशेब घेते. जवळच्यास अधिक मान, दूरच्यास कमी, आणि कांहींस तर उणाही. 'पिलो' या आज्ञासंग्रहांत त्यासाठीं एकच शब्द बदलावा लागतो. वेळ किंचित् अधिक गेला, पण कांठ अखंड राहिला. (लांबीरुंदीचें प्रमाण मात्र संभाळावें, नाहींतर आजी उगाच स्थूल दिसावयाची!)

मूळ प्रत वाचकांनीं वेगळी ठेवावी. लहान प्रत पुन्हां मोठी करूं गेल्यास हरपलेली रेघ लान्त्सोशची रीतही परत आणीत नाहीं; आणि जेपीईजी प्रत फेरफार करून वारंवार साठविली, तर दर खेपेस थोडी झीज होतेच.