दुकान एडिसनला, बैठक गावात

पहाटे पावणेसहा

चहाचं आधण ठेवते तोच फोन वाजतो. न्यू जर्सीतल्या एडिसनला आत्ता रात्रीचे सव्वाआठ झालेले असतात. तिथला आमचा दुकानदार शटर ओढतो, गल्ला मोजतो आणि मग निवांत बोलतो. माणूस मूळचा इंदापूर तालुक्यातला. किराणा दुकान छोटं आहे, नवरा-बायको मिळून चालवतात. पुण्याच्या भीमथडी जत्रेत त्यानं आमच्या बायकांच्या गटांच्या गोधड्या पाहिल्या, तेव्हापासून दुकानातली एक फळी गोधड्यांसाठी राखलेली आहे.

आज त्याच्या मनात वेगळंच आहे. "ताई, यंदा धंदा बरा झालाय. गावाला काहीतरी द्यायचंय. शाळेजवळ पाण्याचा आरओ प्लांट बसवू म्हणतो. वडिलांच्या नावाची पाटी लावू."

"दादा, गावाला विचारलं का?"

"गाव नाही कशाला म्हणेल?"

"नाही म्हणणारच नाही. म्हणून तर आधी विचारायचं. आज तिकडेच चाललेय, संध्याकाळी सांगते."

सकाळी साडेसात

बारामतीहून स्कूटरवर इंदापूर रस्ता धरते. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी. तुकोबांची पालखी याच वाटेनं जाते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला घोड्यांचं. पालखी पुढे गेली की बायका पुन्हा खुरप्याला लागतात आणि आमच्या बैठकांना वेळ मिळतो.

भवानीनगरला छत्रपती साखर कारखान्याची चिमणी दिसते. सध्या गाळप बंद आहे. कारखाना दिसला की हॉलंडमधल्या दुकानांची गोष्ट आठवते, आणि ती मी गटांमध्ये आवर्जून सांगते, कारण तिची सुरुवात उसाच्या साखरेपासून झाली. युरोप आपल्या बीटच्या साखरेला संरक्षण देत होता आणि गरीब देशांच्या उसाच्या साखरेला दार बंद होतं. १९६९ साली ब्रूकेलेन नावाच्या लहानशा डच गावात काही लोकांनी दुकान उघडलं आणि उसाची साखर विकायला ठेवली. गिऱ्हाइकाला साखर द्यायची आणि ती कुठून आली, तिला बाजार का मिळत नाही, हेही सांगायचं. तशी दुकानं मग गावोगाव निघाली. १९८८ मध्ये हॉलंडमध्येच 'मॅक्स हॅवेलार' हा शिक्का आला, तो मेक्सिकोतल्या कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या मालासाठी. पुढे रूढ झालेल्या रास्त व्यापाराच्या पद्धतीत भावाखेरीज एक जादा रक्कम उत्पादकांच्या संस्थेकडे जाते आणि तिचं काय करायचं ते उत्पादकच सभेत ठरवतात. आमच्याकडच्या ऊस उत्पादकाला हे समजावून सांगावं लागत नाही. कारखान्याच्या वार्षिक सभेत उभं राहून अध्यक्षाला जाब विचारणं सभासदाच्या अंगवळणी पडलेलं आहे. बायकांच्या वाट्याला मात्र हे फार उशिरा आलं.

सकाळी नऊ

लासुर्ण्याच्या पुढे दादाच्या गावात, मारुतीच्या मंडपात गटाची बैठक. खुरपणीला जायचं असल्यानं बायका घाईत आहेत, डबे सोबतच आणलेत. मी आरओचा विषय काढते. सगळ्या गप्प. मग गटाच्या अध्यक्ष म्हणतात, "चांगलंच आहे की." त्यांच्या 'चांगलंच आहे' चा अर्थ मला ठाऊक आहे.

"आणि तुम्हांला विचारलं असतं, तर काय मागितलं असतं?"

कोपऱ्यातली एक तरुण सून बोलते. तिची नणंद इंदापूरला बारावीला आहे. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण गणिताचा जादा तास संपतो तेव्हा गावची एसटी निघून गेलेली असते. मग फाट्यापर्यंत मिळेल त्या गाडीनं यायचं आणि पुढे अंधारातून चालायचं. दोन घरांनी त्यापायी मुलींचा तास बंद केला, एका घरात तर लग्नाचं बोलणं चालू झालं. "टमटम लावा ताई, संध्याकाळची. महिन्याच्या महिन्याला भाडं द्यायचं. मुली दारात उतरल्या पाहिजेत."

मग सगळ्या एकदम बोलायला लागतात. कुणाला थांबा शाळेपाशी हवा, कुणाला वस्तीवर. भाड्यातला थोडा वाटा घरानं द्यायचा, म्हणजे गाडी आपली वाटेल, हे अध्यक्षांनीच सुचवलं. सचिव इतिवृत्ताच्या वहीत सगळं लिहून घेते.

पाटी लागेल अशी वस्तू देणगीदाराला सुचते, कारण दुरून तीच दिसते. दर महिन्याचा खर्च दिसत नाही. गाव ज्यावर अडलेलं असतं ती गोष्ट पुष्कळदा या न दिसणाऱ्या खर्चातली असते, आणि ती मंडपात बसल्याशिवाय कळत नाही.

दुपारी बारा

बारामती, एमआयडीसी रस्त्यावरची आमची खोली. गटांनी मिळून उत्पादक कंपनी नोंदवली आहे. तिचा आयात-निर्यात कोड, जीएसटीची कागदपत्रं, बँकेचे परदेशी रकमेचे दाखले, सगळं या एका कपाटात आहे.

दादाचा प्रश्न कागदावर मांडून पाहते. परदेशातून देणगी घ्यायची तर संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय योगदान कायद्याखालची, नोंदणी हवी. मूळ कायदा १९७६ चा, नवा २०१० चा, आणि २०२० च्या दुरुस्तीनं तो फार कडक झाला. अशी देणगी आधी दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते. प्रशासनावर वीस टक्क्यांहून जास्त खर्च चालत नाही. आणि एका संस्थेनं घेतलेली रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही. मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेनं पैसा आणायचा आणि गावातल्या लहान गटाला द्यायचा, ही वाट या शेवटच्या अटीनं बंद झाली. गैरवापर रोखायला नियम हवेत, हे मला मान्य आहे. पण या अटीचा भार सगळ्यांत लहान गटांवर पडला, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतीय नागरिक परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ते परकीय योगदान धरलं जात नाही. दादानं मात्र अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय. तेव्हा त्याचे पैसे परकीय, त्याच्या दुकानाचेही परकीय. आमच्याकडे ती नोंदणी नाही.

पण नेहमीच्या व्यवहारात विकलेल्या मालाची किंमत कायद्यानं परकीय योगदान नाही. बीजक खरं हवं, भाव खरा हवा, माल खरा हवा. देणगी भावात लपवायची नाही, हे मी प्रत्येक खरेदीदाराला पहिल्याच दिवशी सांगते. दादा गोधड्या घेतो, त्याचा नफा गटाचा. त्या नफ्याचं काय करायचं ते गट ठरवणार आणि त्याला कुणाची परवानगी लागणार नाही.

दीड

घरी जेवण. सासूबाई पिठलं-भाकरी वाढतात. त्यांचं माहेर सुप्याकडचं, जिरायत पट्ट्यातलं. १९७२ च्या दुष्काळात त्या परकर-पोलक्यातल्या, तळ्याच्या बांधावर पाट्या वाहायच्या. सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी खाल्ली. ती घशाखाली उतरत नसे, असं त्या अजून सांगतात. बारामतीच्या त्या भागात पाझर तलाव झाले त्यामागे 'कासा' ही चर्चची मदतसंस्था होती आणि बारामतीतले ऑस्ट्रेलियन मिशनरी होते. कामाच्या बदल्यात गहू आणि तेल मिळे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विकास प्रतिष्ठानाची सुरुवातही याच काळातली.

टमटमचं सांगितल्यावर सासूबाई म्हणतात, "गहू खाऊन संपला. तळं राहिलं. कारण ते आम्ही खांदलं."

दुपारी अडीच ते पाच

तपासणी. दिवसाचा सगळ्यांत मोठा तुकडा यातच जातो. गोधडी सतरंजीवर पसरायची, चारी बाजू टेपनं मोजायच्या. धावदोरा सारखा आहे का, कुठे टाका लांब पडलाय का, ते बोटानं पाहायचं. ओलं पांढरं फडकं घासून कच्चा रंग उतरतो का ते बघायचं. शेवटी सगळ्या अंगावरून लोहचुंबक फिरवायचं. मोडलेल्या सुईचं टोक आत राहिलं आणि कुणाच्या लेकराला टोचलं, तर ती फळी आमच्यासाठी बंद झाली.

लहान दुकानदार गावासाठी काय करू शकतो, याचं माझं उत्तर या सतरंजीवर तयार झालंय. वर्षाची ऑर्डर वर्षाच्या सुरुवातीला सांगावी. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, म्हणजे कापड-दोऱ्यासाठी बायकांना सावकाराच्या दारात जावं लागत नाही. दर महिन्याला नवं डिझाइन मागू नये. चूक निघाली तर फोटोसकट सांगावं, गुपचूप खरेदी थांबवू नये. आणि अडचणीत टिकून राहावं. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करसवलत काढली. आपल्या टपाल खात्याला तिकडे जाणारी बहुतेक पार्सलं घेणं थांबवावं लागलं आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती बंद होती. आमच्या गोधड्या या खोलीत पडून होत्या. दादानं पुढच्या ऑर्डरची आगाऊ रक्कम तरीही वेळेवर पाठवली. त्या दिवाळीत बायकांच्या हातात पैसे होते ते त्यामुळे. त्याच्या कुठल्याही देणगीपेक्षा मी हे मोठं मानते.

संध्याकाळी साडेसात

तिकडे सकाळचे दहा. दुकान नुकतंच उघडलंय, मागे दाराची घंटी वाजत असते. मी बैठकीत झालं ते सांगते. नागरिकत्वाची अडचण सांगते, विक्रीचा मार्गही सांगते.

तो बराच वेळ बोलत नाही. "म्हणजे वडिलांचं नाव कुठेच नाही येणार."

"नाही, दादा."

"वडील मला सायकलवर डबलसीट इंदापूरला सोडायचे. दहावीपर्यंत." मग म्हणतो, "किती गोधड्या घेतल्या म्हणजे गाडी वर्षभर चालेल?"

मी सांगते की तसा हिशेब नको. तुमच्या दुकानात खरोखर खपतील तेवढ्याच घ्या. तो बायकोशी बोलतो, फळीचा अंदाज घेतो. आणखी दोन ओळखीच्या दुकानांत नमुने ठेवून बघतो म्हणतो. वर्षाची ऑर्डर आठ दिवसांत लेखी पाठवणार, निम्मे पैसे सोबत.

रात्री नऊ

सचिवाला फोन. ऑर्डर येतेय, पण लेखी येईपर्यंत गाडीवाल्याला शब्द देऊ नका, असं बजावते. तिचं डोकं पुढेच गेलेलं. टमटम चालवायला गावात दोघं तयार आहेत. एकाची गाडी नवी आहे पण तो पितो, दुसऱ्याची जुनी आहे पण त्याची स्वतःची मुलगी अकरावीला आहे. सोमवारी मुलींनाही बैठकीला बसवायचं, त्यांनाच विचारायचं, असं त्यांनी ठरवलंय. मंडपातला दिवा गेलाय, तेवढा बल्ब येताना घेऊन या, म्हणाली.