सिंबियन व अँड्रॉइड : स्मार्टफोनच्या दोन कार्यप्रणालींचे तौलनिक विवेचन

प्रस्तावना :
स्मार्टफोनमधील प्रोसेसर, मेमरी, बॅटरी इत्यादी साधनांचे नियोजन करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस कार्यप्रणाली म्हणतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या क्षेत्रात सिंबियनचे वर्चस्व होते. २००८ मध्ये बाजारात आलेल्या अँड्रॉइडने २०१० च्या अखेरच्या तिमाहीत तिला मागे टाकले. 'जुनी प्रणाली निकृष्ट होती, म्हणून ती संपली' असे उत्तर आपण वर्गात सहज देऊन मोकळे होतो. हे उत्तर अपुरे कसे आहे, ते दोन्ही प्रणालींच्या रचनेच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सिंबियन : काटकसरीची रचना
१९९८ मध्ये सायॉन, नोकिया, एरिक्सन व मोटोरोला यांच्या सहभागातून सिंबियन लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तिच्या प्रणालीचे मूळ सायॉनच्या तळहातावर मावणाऱ्या संगणकांसाठी विकसित झालेल्या 'इपॉक' प्रणालीत होते. १९९७ च्या सायॉन सिरीज ५ या संगणकात सुमारे १८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ४ किंवा ८ मेगाबाइट मेमरी होती. तो दोन पेन्सिल सेलवर चालत असे. अशा यंत्रात वाया गेलेला प्रत्येक बाइट महत्त्वाचा ठरतो. म्हणून एखादे काम अर्ध्यावर फसले तरी घेतलेली मेमरी परत मिळावी, यासाठी 'क्लीनअप स्टॅक' ही व्यवस्था करण्यात आली. 'अ‍ॅक्टिव्ह ऑब्जेक्ट' या पद्धतीमुळे अनेक प्रलंबित कामे एकाच थ्रेडमध्ये हाताळता येत व काम नसताना प्रोसेसरला विश्रांती मिळून बॅटरीची बचत होई. मात्र हे सर्व नियम सी++ भाषेत लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरलाच कसोशीने पाळावे लागत.

अँड्रॉइड : सुलभतेची रचना
गूगलने २००५ मध्ये अँड्रॉइड कंपनी विकत घेतली. या प्रणालीचा पाया लिनक्स कर्नलचा असून सुरुवातीस तिच्यावरील अ‍ॅप जावा भाषेत लिहिले जात व 'डाल्विक' या आभासी यंत्रावर चालत. निरुपयोगी झालेली मेमरी परत मिळविण्याचे काम प्रणाली स्वतः करीत असे. या सोयीची किंमत होतीच. अधिक मेमरी लागे आणि काम मध्येच क्षणभर अडखळे. परंतु २००८ च्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये, म्हणजे टी-मोबाइल जी-१ मध्ये, १९२ मेगाबाइट मेमरी होती. ही किंमत आता परवडणारी होती.

तौलनिक विवेचन :
१) श्रम : सिंबियनने यंत्राचे श्रम वाचविले, तर अँड्रॉइडने प्रोग्रॅमरचे.
२) एकसंधता : सिंबियनवर एस-६०, यूआयक्यू आणि जपानमधील मोआप असे भिन्न दर्शनी स्तर होते. एकासाठी लिहिलेले अ‍ॅप दुसऱ्यावर चालत नसे. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपसाठी एकच सामाईक चौकट होती. तथापि निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनवर निरनिराळ्या आवृत्त्या राहिल्याने तिथेही विस्कळीतपणा आलाच.
३) खुलेपणा : अँड्रॉइडचा स्रोत २००८ मध्ये, तर सिंबियनचा फेब्रुवारी २०१० मध्ये खुला झाला. पुढे वर्षभरातच नोकियाने विंडोज फोनची निवड केली. २०१२ चा नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू हा सिंबियनवरील अखेरचा फोन ठरला.

निष्कर्ष :
सिंबियनची रचना सदोष नव्हती. ज्या टंचाईसाठी ती घडविली गेली, ती टंचाईच ओसरली. मेमरी स्वस्त झाली आणि प्रोग्रॅमरचा वेळ महाग ठरला. व्यावसायिक निर्णयांचाही या पराभवात वाटा आहेच, पण त्या निर्णयांना उशीर का झाला, याचे एक कारण रचनेच्या या यशातही शोधता येते. म्हणून कालबाह्य प्रणाली अभ्यासक्रमातून वगळताना आपण थोडे थांबावयास हवे. 'जुने' व 'नवे' असे दोन रकाने पाठ करवून घेण्याऐवजी 'हा उपाय कोणत्या अडचणीवरचा होता?' हा प्रश्न विद्यार्थ्यास विचारावा. आज तो जी प्रणाली शिकत आहे, तीही कधीतरी मागे पडेल; त्या वेळी पाठ केलेला रकाना नव्हे, तर हा प्रश्नच त्याच्या उपयोगी पडेल.