चुलीच्या दारावरचा पहारेकरी

माझा नातू दोन जिने चढला, की पायरीवर फतकल मारून बसे. "आळशी कुठला!" म्हणून मी त्याला किती वेळा बोललो असेन! शेवटी जनुकांची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी एक नवेच नाव ऐकवले : एमआयसीयू-१.

वाचकहो, आपल्या पेशींत तंतुकणिका नावाच्या इवल्याशा चुली असतात. स्नायूला हाक आली, की पेशीत कॅल्शियम वाढते. तेच चुलीत शिरून जाळ वाढवते. मात्र चुलीच्या दारावर प्रथिनाचा एक पहारेकरी असतो. कॅल्शियम थोडे असले, तर तो दार लावून घेतो; वाढले, की त्याचे कण मुठीत धरून दार मोकळे करतो. अवेळी भरमसाट कॅल्शियम आत गेले, तर चूलच फुटते, पेशी मरते. हा पहारेकरी २०१० साली सापडला. तो जन्मतःच नसला, तर मुलांचे स्नायू दुबळे राहतात, हे २०१४ साली कळले.

माझ्या नातवाकडे तो नाही. दुखणे मुळातून घालवील असे औषधही नाही. जिन्यात आता मी त्याच्या शेजारी बसतो.

"आजोबा, दमलात?" तो विचारतो.

मी "हो" म्हणतो.