सांडपाणी न्यायचं कुठे? – लॉस ओसोस गावाची गोष्ट

आपल्या घरातलं सांडपाणी कुठे जातं? वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. ‘गटारात’ इथपर्यंत उत्तर येतं. पुढे बहुतेक मुलं थांबतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातल्या लॉस ओसोस या गावाला मात्र या प्रश्नाने तीस वर्षांहून अधिक काळ सतावलं.

सुमारे चौदा हजार वस्तीचं हे गाव मोरो बे या खाडीच्या काठी, वाळूच्या जुन्या टेकड्यांवर वसलेलं आहे. घरोघरी सेप्टिक टँक होते. त्यांतून बाहेर पडणारं पाणी वाळूत मुरायचं आणि पिण्याचं पाणीही त्याच जमिनीखालून उपसलं जायचं.

यात बिघडलं काय? वाळू पाणी गाळते, असं आपणच मुलांना शिकवतो ना! गाळ आणि बरेचसे जंतू वाळूत अडकतात, हे खरं. पण पाण्यात विरघळलेले पदार्थ अडकतीलच असं नाही. मूत्रातल्या युरियापासून टँकमध्ये अमोनियम तयार होतं. टँकमध्ये ऑक्सिजन नसल्याने बदल तिथेच थांबतो. हे पाणी वाळूत उतरलं, की तिथे हवा मिळते आणि जमिनीतले जीवाणू अमोनियमचं आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. मातीच्या कणांवर बहुधा ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच. म्हणून ते कणांना न चिकटता पाण्याबरोबर थेट भूजलापर्यंत पोचतं.

असं पाणी दिसायला स्वच्छच असतं. उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. सहा महिन्यांखालच्या बाळांना त्याचा विशेष धोका असतो. शरीरात नायट्रेटचं नायट्राइट होतं, हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता त्यामुळे घटते आणि बाळ निळसर पडू लागतं. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रोजन (नायट्रेटच्या रूपातला) ही अमेरिकेतली मर्यादा आहे. भारतीय मानकात ती ४५ मिलिग्रॅम नायट्रेट अशी दिलेली असते. या दोन्ही मर्यादा जवळजवळ सारख्याच कशा, हे गणित मुलांना जरूर घाला. (सूचना: ६२ ग्रॅम नायट्रेटमध्ये १४ ग्रॅम नायट्रोजन असतो.)

१९८३ मध्ये तिथल्या विभागीय जलमंडळाने सेप्टिक टँकविरुद्ध ठराव केला. १९८८ पासून नव्या टँकना बंदी आली, म्हणजे नवी घरं बांधणंही जवळजवळ थांबलं. सांडपाणी एकत्र करून शुद्ध करणारं केंद्र हवं, हे ठरलं. पण ते उभारायचं कुठे?

जागा निवडली गेली ती गावाच्या मध्यावरची, वाचनालयाजवळची सुमारे ११ एकर मोकळी जमीन. या निवडीमागे कारणं होती. अशा केंद्राला सलग जागा लागते आणि ते वस्तीपासून जितकं लांब, तितक्या वाहिन्या आणि पंपांचा खर्च जास्त. पण रहिवाशांचे आक्षेपही पोकळ नव्हते. गावाच्या मधोमध दुर्गंधी आली तर काय? दर महिन्याचं बिल परवडेल का? शिवाय ती जागा नुसती पडीक नव्हती. वाळूच्या टेकड्यांवर वाढणारी खास झुडपं तिथे होती. याच परिसरात मोरो शोल्डरबँड ही दुर्मीळ गोगलगाय राहते. १९९४ मध्ये तिला कायद्याचं संरक्षण मिळालं होतं. किनारा आयोगाने २००४ मध्ये प्रकल्पाला परवानगी दिली, पण या जागेच्या बदल्यात दुसरीकडची जमीन राखून ठेवण्याच्या अटीवर.

२००५ मध्ये काम सुरू झालं आणि त्याच सप्टेंबरमध्ये गावकऱ्यांनी मतदान करून स्थानिक मंडळाच्या पाच सदस्यांपैकी तिघांना परत बोलावलं. काम थांबलं. राज्याने कर्ज रोखलं, जलमंडळाने दंड ठोठावला आणि २००६ मध्ये स्थानिक मंडळाने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी कायदा करून प्रकल्प जिल्हा प्रशासनाकडे सोपवण्यात आला. अखेर गावाबाहेर पूर्वेला केंद्र उभं राहिलं आणि २०१६ मध्ये ते चालू झालं.

म्हणजे गावातली मोकळी जागा वाचली, पण आणखी अकरा वर्षं गेली. या काळात टँकमधलं पाणी रोज वाळूत मुरतच होतं. भूजलाचा वरचा थर नायट्रेटने बिघडला, म्हणून खालच्या थरातून जास्त उपसा होत होता. आणि गोड्या पाण्याचा दाब कमी झाला की समुद्राचं खारं पाणी आत सरकतं. तसंच इथे घडू लागलं होतं. म्हणून आता शुद्ध केलेलं पाणी समुद्रात सोडून न देता जमिनीत मुरवण्यासाठी आणि सिंचनासाठी वापरतात. सेप्टिक टँक बंद झाल्यावर जमिनीत मुरणारं पाणीही कमी होतं. ती तूट काही प्रमाणात अशी भरून निघते.

मग बरोबर कोण होतं? पाणी बिघडतंय का आणि कशाने, हे विज्ञान तपासून सांगू शकतं. कोणती जागा गमवायची आणि किती खर्च सोसायचा, हे मात्र तिथे राहणाऱ्यांनी मिळून ठरवावं लागतं. ही चर्चा जागा पक्की होण्याआधी पुरेशी झाली नाही, तर ती काम सुरू झाल्यावर होते, आणि तेव्हा ती फार महाग पडते.

तुमच्या गावाचा एक साधा नकाशा मुलांकडून काढून घ्या. त्यावर सेप्टिक टँक, शोषखड्डे, विहिरी आणि बोअरवेल दाखवा. जमिनीचा उतार कुठे आहे, माती कशी आहे, तेही नोंदवा. मग विचारा: उद्या इथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभारायचं ठरलं, तर ते कुठे असावं? आणि ज्यांच्या घराशेजारी ते येईल, त्यांना तुम्ही काय सांगाल?