अपूर्णांकांवरील शाब्दिक उदाहरणे : 'कशाचा भाग?' या प्रश्नाचे महत्त्व

प्रस्तावना :

शालेय गणितातील शाब्दिक उदाहरणे विद्यार्थ्यांना अवघड जातात, याचे कारण सामान्यतः आकडेमोडीतील कच्चेपणा असे सांगितले जाते. अपूर्णांकांच्या बाबतीत हे निदान अपुरे आहे. दोन अपूर्णांकांचा गुणाकार बिनचूक करणारा विद्यार्थीही तोच गुणाकार वाक्यात दडलेला असला की गोंधळतो. उदाहरणातील अपूर्णांक हा नेहमी कशाचा तरी भाग असतो, आणि ते 'कशाचा' हे शोधणे गणिताआधी भाषेचे काम आहे.

एकूण आणि उरलेले :

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे याचे उदाहरण शोधण्यासाठी पाठ्यपुस्तक उघडण्याची गरज नाही. शहराभोवतीच्या अनेक वसाहती शेतजमिनीचे तुकडे पडून गुंठेवारी पद्धतीने उभ्या राहिल्या. अशा वसाहती नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. येथे २० बाय ३० फुटांचा भूखंड हे घरोघरी परिचित माप आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूच्या चौरसाइतके क्षेत्र, अर्थात १०८९ चौरस फूट.

समजा, एक एकर जमिनीपैकी एक चतुर्थांश जागा रस्त्यांसाठी सोडली आणि उरलेल्या जागेचा एक दशांश भाग मोकळा ठेवला. रस्त्यांना १० गुंठे गेले, ३० उरले. त्यांतील ३ मोकळे, म्हणजे भूखंडांसाठी २७ गुंठे, अर्थात २९,४०३ चौरस फूट. ६०० ने भागता ४९ भूखंड मिळतात. आता 'उरलेल्या' या शब्दाच्या जागी 'एकूण' हा शब्द घालावा. मोकळी जागा ४ गुंठे होते, २६ गुंठे उरतात आणि भूखंड ४७ च होतात. आकडे तेच, एका शब्दाने दोन कुटुंबांची घरे गेली.

हा भेद जुनाच आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) अशा उदाहरणांना 'शेषजाती' असे स्वतंत्र नाव आहे. त्यातील यात्रेकरू जवळच्या धनापैकी निम्मे प्रयागला देतो, शेषाचे दोन नवमांश काशीला, त्याच्या शेषाचा चतुर्थांश वाटेतील जकातीत, पुन्हा शेषाचे सहा दशांश गयेला. हाती ६३ निष्क उरतात. मूळ धन एक मानले, तर क्रमाने एक द्वितीयांश, सात अष्टादशांश, सात चोविसांश आणि शेवटी सात षष्ट्यंश उरते. ६३ ला सात षष्ट्यंशाने भागले की ५४० हे उत्तर येते. आधी इष्ट संख्या मानण्याची ही रीत, म्हणजे इष्टकर्म, बीजगणित न शिकलेल्या सहावीच्या विद्यार्थ्यालाही झेपते. पाठ्यक्रमात तिला अधिक जागा मिळायला हवी. या ग्रंथांच्या अध्ययनासाठी भास्कराचार्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे, म्हणजे कन्नडचा घाट उतरताच सापडतो.

मराठीतील अपूर्णांकवाचक शब्दही वर्गात दुर्लक्षिले जातात. 'पावणेदोन' या शब्दात वजाबाकी आहे : दोनला पाव कमी. वर्गात मात्र तीच संख्या 'एक पूर्णांक तीन चतुर्थांश' अशी बेरजेने शिकवली जाते. घरी पावणेदोन किलो ज्वारी मोजणाऱ्या मुलाला या दोन्ही एकच आहेत, हे कोणीतरी सांगावे लागते.

लांबी आणि क्षेत्रफळ :

भूमितीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. वर मिळालेले ४९ हे केवळ क्षेत्रफळाच्या भागाकाराचे उत्तर आहे, प्रत्यक्ष आखणीचे नव्हे. ३३ फूट बाजूच्या चौरस गुंठ्यात २० बाय ३० चा एकच भूखंड बसतो. उरलेल्या ४८९ चौरस फुटांच्या पट्ट्यांत दुसरा बसत नाही.

याहून सार्वत्रिक चूक अर्ध्या गुंठ्याची आहे. अर्ध्या गुंठ्याच्या चौरसाची बाजू विचारली असता '३३ च्या निम्मे, साडेसोळा फूट' असे उत्तर हमखास येते. येथे निम्मे झाले ते क्षेत्र, लांबी नव्हे. चूक सूत्र सांगून सुटत नाही. चौकटीच्या कागदावर मोठा चौरस काढून त्यात साडेसोळा फुटांचे चौरस बसवायला सांगावेत. दोनऐवजी चार बसलेले दिसतात, म्हणजे प्रत्येक पाव गुंठ्याचा. मग त्याच चौरसाच्या चार बाजूंचे मध्यबिंदू जोडून आत तिरपा चौरस काढावा. चारही कोपरे आत दुमडले की ते त्याला तंतोतंत झाकतात. तो अर्धा गुंठा, आणि त्याची बाजू मोजली तर सुमारे २३ फूट ४ इंच भरते.